याप्य आयुष्य : मृत्यूच्या सान्निध्यातील गोपाळ गणेश आगरकर

१

मराठी निबंधवाङ्मयाच्या इतिहासात गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचे स्थान बुद्धिप्रामाण्याचे आणि समाजसुधारणेचे निर्भीड पुरस्कर्ते म्हणून केव्हाच निश्चित झालेले आहे. त्यांच्या चरित्राची मांडणी करताना सामान्यतः दोन सूत्रे हाताशी धरली जातात. एक सूत्र टिळकांशी असलेल्या मैत्रीचे आणि पुढे झालेल्या मतभेदाचे. दुसरे दारिद्र्याचा बुद्धिपुरस्सर स्वीकार करणाऱ्या त्यागाचे. या दोन सूत्रांपुढे तिसरी एक वस्तुस्थिती मात्र केवळ करुण तपशील म्हणून मागे पडते. ही वस्तुस्थिती म्हणजे आगरकरांना ऐन तारुण्यात जडलेला दमा. या विकारावर त्या काळी रोग मुळातून काढील असा उपाय कोणत्याही वैद्यकात नव्हता आणि आपले आयुष्य दीर्घ असणार नाही, ही जाणीव आगरकरांच्या कर्तृत्वकाळात त्यांच्या सोबतीला होती.

चरित्रकारांनी या आजाराचा उल्लेख केला नाही असे नाही. परंतु तो बहुधा अकालमृत्यूची पूर्वसूचना म्हणून किंवा वाचकाच्या मनात कणव निर्माण करण्यासाठी येतो. त्याचा आगरकरांच्या विचाराशी काही संबंध पोहोचतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक तो विचारण्यास सबळ कारण आहे. आगरकर अज्ञेयवादी होते. आत्म्याचे अमरत्व, पुनर्जन्म, मोक्ष, पारलौकिक सुख या गोष्टी बुद्धीला सिद्ध करता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर नीतीची उभारणी करू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या संस्कृतीत मरणाच्या दारी उभ्या असलेल्या माणसाला जे आधार परंपरेने उपलब्ध होते, ते सर्व त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला सारले होते. अशा माणसाने मृत्यूची जवळीक कशी सोसली आणि उरलेल्या आयुष्याला अर्थ कोठून मिळविला, हा प्रश्न केवळ चरित्राचा राहत नाही. त्यांच्या विचारसरणीची कसोटीच त्यात सामावलेली आहे. प्रस्तुत लेखात आगरकरांच्या आयुष्याचा आलेख या दृष्टीने पुन्हा पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्यामुळे त्यांचे बालपण आजोळी कऱ्हाडास गेले. तेथील शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि काही काळ कचेरीत उमेदवारी, काही काळ दवाखान्यात कंपाउंडरचे काम, असे करीत त्यांना दिवस काढावे लागले. पुढील शिक्षणासाठी ते रत्नागिरीस गेले. परंतु तेथे निभाव न लागल्याने परत आले. अखेर अकोल्यास नातलगांकडे राहून त्यांनी शिक्षण पुरे केले. तेथील शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुणग्राही शिक्षक त्यांना लाभला. १८७५ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा अंगात घालावयाचा, अशा स्थितीत त्यांनी कॉलेजचे दिवस काढल्याची हकीकत मराठी वाचकाला सुपरिचित आहे.

याच कॉलेजात मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर खोल संस्कार झाला. व्यक्तीचे स्वातंत्र्य, समाजाची उत्क्रांती, ऐहिक सुखाची प्रतिष्ठा आणि ज्ञेय-अज्ञेय यांमधील सीमारेषा, या त्यांच्या पुढील लेखनातील सर्व मूलकल्पनांचे बीज येथे पडले. याच ठिकाणी टिळकांची आणि त्यांची गाठ पडली आणि दोघांनी सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय केला. एम. ए. च्या परीक्षेच्या सुमारास आगरकरांनी आपल्या आईला पत्र पाठवून, मुलगा मोठ्या पगाराचा मानकरी होईल ही आशा तिने बाळगू नये, पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून तो आपला वेळ परहितार्थ खर्चणार आहे, असे कळविले. या पत्राचा निर्देश नेहमी त्यागाचा पुरावा म्हणून होतो आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या संदर्भात त्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आगरकर येथे संपत्तीइतकाच, किंबहुना अधिक, वेळेचा हिशेब मांडीत आहेत. आयुष्य ही आपल्या मालकीची परिमित ठेव आहे आणि ती कोठे गुंतवावी हे आपण ठरवावयाचे आहे, ही दृष्टी आजार बळावण्यापूर्वीच त्यांच्या ठिकाणी तयार झालेली दिसते.

३

जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर परीक्षा आटोपून त्यांना मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये मराठा आणि केसरी ही दोन पत्रे निघाली आणि केसरीच्या संपादकत्वाची जबाबदारी आगरकरांकडे आली. त्या वेळी ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

या मंडळींच्या उपक्रमावर मृत्यूची छाया फार लवकर पडली. १७ मार्च १८८२ रोजी चिपळूणकर वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी प्रसिद्ध केलेल्या मजकुरावरून दिवाण माधवराव बर्वे यांनी केलेल्या फिर्यादीत टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी काढलेल्या दिवसांचे वर्णन आगरकरांच्या 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' या पुस्तकात आले आहे. कोंदट कोठडी, निकृष्ट अन्न आणि खंगत जाणारी शरीरे यांची हकीकत सांगतानाही लेखकाचा विनोद आणि मिस्कीलपणा कोठे हरवत नाही. स्वतःच्या शरीराच्या हालांकडे काहीशा अलिप्तपणे, निरीक्षकाच्या नजरेने पाहण्याची ही सवय पुढील काळात त्यांना उपयोगी पडली असली पाहिजे.

तुरुंगवासाच्या या काळात शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या मराठी रूपांतराचे काम आगरकरांच्या हाती होते. हे रूपांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांच्या भूमिकेमुळे गाजले. आगरकरांनी हे नाटक निवडावे, याला आपल्या दृष्टीने महत्त्व आहे. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतात मरणानंतरच्या अज्ञात प्रदेशाचे भय माणसाचा हात कसा आखडून धरते आणि त्याच्या निश्चयाचे रूपांतर निष्क्रियतेत कसे होते, याचा विचार आला आहे. आगरकरांनी ही कल्पना मराठीत उतरविताना तिच्याशी दीर्घ काळ झुंज घेतली असणार, हे उघड आहे. त्यांची स्वतःची भूमिका मात्र हॅम्लेटच्या उलट दिशेने जाते. मरणानंतरचा प्रदेश अज्ञात आहे, हे दोघांनाही मान्य. हॅम्लेटच्या बाबतीत हे अज्ञान कृतीला थोपविणारे ठरते. आगरकरांच्या बाबतीत ते कृतीला मोकळीक देते. जे कळण्याचा मार्ग नाही त्याच्या भयाने किंवा आशेने जे कळू शकते ते कर्तव्य टाकू नये, असा त्यांच्या अज्ञेयवादाचा व्यावहारिक अर्थ आहे.

४

आगरकरांच्या आजाराचे स्वरूप समजून घेण्यासाठी तत्कालीन वैद्यकाकडे थोडे वळावे लागते. आयुर्वेदाने श्वासरोगाचे पाच प्रकार मानले असून त्यांपैकी आजच्या दम्याशी जुळणारा प्रकार म्हणजे तमक श्वास. चरकसंहितेच्या मते तो नवा असतानाच काय तो साध्य ठरू शकतो. एरव्ही तो याप्य होय. याप्य ही वैद्यकातील मोठी अर्थपूर्ण संज्ञा आहे. साध्य रोग बरा होतो आणि असाध्य रोग माणसाला नेतो. याप्य रोग या दोहोंच्या मधला आहे. तो जात नाही. पथ्य आणि औषध यांच्या आधाराने रोग्याने त्याच्यासह काळ कंठावयाचा असतो. आधार काढला की रोग उसळतो.

पाश्चात्त्य वैद्यकाची स्थितीही याहून फारशी वेगळी नव्हती. लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर यांचा दम्यावरील प्रमाणग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतःच दम्याचे रोगी होते. कडक कॉफी, सोऱ्यात भिजवून वाळविलेल्या कागदाचा धूर आणि धोतऱ्याच्या पानांचा धूर, हे त्या काळचे मान्य उपाय होत. यांपैकी धोतऱ्याचा धूर घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातूनच ब्रिटनमध्ये गेली होती. या उपायांनी झटका ओसरे, रोग हटत नसे. श्वासनलिका मोकळ्या करणारे अॅड्रेनॅलिन विसाव्या शतकाच्या आरंभी हाती आले. श्वासावाटे घ्यावयाची आजची परिणामकारक औषधे तर १९६० नंतरची आहेत. आगरकरांच्या हयातीत यांपैकी काहीच नव्हते. दम्याच्या रोग्याला आडवे होता येत नाही, रात्र बसून काढावी लागते आणि पुढचा श्वास मिळेल की नाही ही शंका त्याला दर झटक्याला नव्याने भेडसावते. मृत्यूची जवळीक ही त्याच्या दृष्टीने एकदाच ऐकून घेण्याची वार्ता नसते. ती वारंवार येणारा अनुभव असते.

याप्य या संज्ञेचा उपयोग येथे केवळ वैद्यकीय अर्थाने अभिप्रेत नाही. आगरकरांनी आपले सगळे उत्तरायुष्य याप्य म्हणूनच जगले. बरे होण्याची वाट पाहून काम पुढे ढकलणे किंवा शेवट जवळ आहे म्हणून काम सोडून देणे, हे दोन्ही मार्ग त्यांना खुले होते. त्यांनी दोन्ही टाळले.

५

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेजची स्थापना झाली. आगरकर तेथे इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवू लागले. या सुमारास केसरीच्या चालकांतील मतभेद तीव्र होत गेले. बालविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण, विधवांचे केशवपन या प्रश्नांवर आगरकरांची मते सहकाऱ्यांना पेलवेनाशी झाली आणि ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी केसरीचे संपादकत्व सोडले. वर्षभरातच, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी सुधारक हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याच्या इंग्रजी भागाचा भार सुरुवातीस गोपाळ कृष्ण गोखले या त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याने उचलला.

सुधारक निघाला तेव्हा आगरकर बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांच्या आयुष्याची सहा वर्षे आठ महिने शिल्लक होती. प्रकृती साथ देत नसताना, कॉलेजचे अध्यापन सांभाळून, तुटपुंज्या वेतनात, बहुसंख्य वाचकांना अप्रिय अशा मतांचे पत्र काढणे हा व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय नव्हता. परिमित आयुष्याच्या हिशेबात मात्र तो सुसंगत दिसतो. ज्याला दीर्घ काळ जगावयाचे आहे तो लोकमत अनुकूल होण्याची वाट पाहू शकतो. आगरकरांना ती सवड नव्हती.

याच वर्षी पुण्यात दुसरा एक समाजचिंतक अशाच कसोटीतून जात होता, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. १८८८ मध्ये जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका येऊन त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तशा अवस्थेत त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. नोव्हेंबर १८९० मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुस्तक त्यानंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाले. डोंगरीच्या तुरुंगातून सुटलेल्या टिळक-आगरकरांच्या स्वागतात फुल्यांनी पुढाकार घेतला होता. पुढे त्यांचे मार्ग वेगळे झाले आणि ज्या वाचकवर्गाला उद्देशून आगरकर लिहीत होते तो फुल्यांचा नव्हता. आगरकरांच्या सुधारणेचा परीघ बव्हंशी पांढरपेशा समाजाचा राहिला, ही त्यांची मर्यादा मान्य करावीच लागते. तरीही दोघांच्या आजारपणातील लेखनाची तुलना उद्बोधक आहे. फुल्यांच्या मागे निर्मिकावरील श्रद्धा उभी होती. सर्व मानवांना समान निर्माण करणाऱ्या त्या शक्तीच्या न्यायबुद्धीचा त्यांना भरवसा होता. आगरकरांजवळ असा भरवसा नव्हता. एकाच शहरात, एकाच काळात, शरीर सोडून चालले असताना दोघे लिहीत राहिले. परंतु लिहिण्याचे बळ त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळविले.

६

आगरकरांच्या सुधारकातील गद्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर एक अनपेक्षित गोष्ट आढळते. वेळ थोडा उरलेल्या लेखकाच्या लेखनात घाई असावी, वाक्ये तुटक व्हावीत, युक्तिवादाऐवजी आवाहन यावे, असे आपण गृहीत धरतो. आगरकरांच्या निबंधांत नेमके याच्या उलट घडते. त्यांची वाक्ये लांब पल्ल्याची आहेत. मूळ विधान, त्याची कारणे, प्रतिपक्षाचा संभाव्य आक्षेप, त्याचे निरसन आणि मग निष्कर्ष, असा क्रम ते सहसा सोडत नाहीत. स्त्रियांच्या पोशाखासारखा वरकरणी किरकोळ वाटणारा विषय असला तरी पोशाखाच्या मूळ हेतूपासून विचार सुरू करण्याचा कंटाळा ते करीत नाहीत. 'कवि, काव्य, काव्यरति' यासारख्या निबंधात साहित्याचे स्वरूप तपासतानाही हीच सावकाश, पायरीपायरीने जाणारी पद्धत दिसते. ज्या वर्षी सुधारक निघाला त्याच १८८८ मध्ये त्यांचे 'वाक्यमीमांसा' हे मराठी वाक्यरचनेचे पृथक्करण करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. वाक्याच्या अवयवांचा परस्परसंबंध नीट लागल्याखेरीज विचाराचा संबंध लागत नाही, ही त्यांची धारणा होती.

त्यांच्या लेखनात उपरोध आहे, आवेश आहे, क्वचित कठोरपणाही आहे. परंतु वाचकाच्या बुद्धीला वळसा घालून त्याचे मन जिंकण्याचा प्रयत्न नाही. याचे कारण त्यांच्या विचारसरणीतच शोधावे लागते. शब्दप्रामाण्य नाकारणाऱ्या लेखकाला स्वतःच्या शब्दाचेही प्रामाण्य मागता येत नाही. आपल्यामागे आपले मत टिकावे अशी इच्छा असेल तर ते वाचकाने स्वतःच्या विवेकाने स्वीकारलेले असले पाहिजे. गुरूच्या आज्ञेने स्वीकारलेले मत गुरूबरोबर जाते. कारणे पटून स्वीकारलेले मत स्वीकारणाऱ्याचे होऊन राहते. ज्याला आपण फार दिवस असणार नाही हे ठाऊक आहे, त्याला या दोहोंतील फरक अधिक तीव्रतेने जाणवणार. आगरकरांच्या गद्यातील सावकाशपणा त्यांच्या आजाराला विसंगत वाटतो, तो या दृष्टीने पाहता मुळीच विसंगत नाही. थोड्या वेळात टिकाऊ काम करावयाचे असेल तर युक्तिवादाची एकही पायरी गाळून चालत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

७

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. परलोकाचा आधार नाकारल्यानंतर आगरकरांच्या दृष्टीने मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या जीवनाचा अर्थ कशात होता? स्पेन्सरच्या अभ्यासातून समाज हा वाढणारा, बदलणारा देह आहे, ही कल्पना त्यांनी स्वीकारली होती. व्यक्ती येतात आणि जातात. समाजाचे जीवन त्यांच्या कृतींच्या संचयातून पुढे चालते. माणसाच्या दुःखाचा मोठा भाग दैवाने लादलेला नसून माणसांनी निर्माण केलेल्या आणि चालू ठेवलेल्या रूढींनी लादलेला आहे, ही त्यांच्या सर्व सामाजिक लेखनामागील भूमिका होय. दम्याला उपाय नव्हता. बालविधवेच्या केशवपनाला मात्र होता. तो माणसांच्या हातात होता. टाळता न येणारे दुःख आणि टाळता येण्याजोगे दुःख यांतील हा भेद आगरकरांना केवळ ग्रंथातून कळलेला नव्हता. पहिल्याच्या बाबतीत तक्रार न करता दुसऱ्याच्या बाबतीत जराही तडजोड न करणे, असे त्यांच्या वृत्तीचे वर्णन करता येईल.

यावर असा आक्षेप संभवतो की, व्यक्तीने समाजाच्या जीवनात उरावे ही कल्पना म्हणजे परलोकाचेच ऐहिक रूपांतर होय. युरोपात ऑग्यूस्त काँत याच्या पंथाने मृतांच्या स्मरणाला धर्माचे रूप देऊन असा पर्याय उभा केला होता. परंतु आगरकरांची भूमिका याहून अधिक कोरडी आणि म्हणून अधिक कठीण आहे. ते सुधारकाला स्मरणाचे आश्वासन देत नाहीत. सुधारकाने निंदा, बहिष्कार आणि उपहास यांचीच अपेक्षा धरावी. त्याच्या प्रयत्नाचे फळ त्याला दिसेलच असे नाही आणि ते मिळाले तरी त्याचे नाव कोणी घेईलच असेही नाही, याची त्यांना पुरती कल्पना होती. फळाच्या आश्वासनाशिवाय केलेले हे कर्म गीतेतील निष्काम कर्माशी जुळते असे म्हणण्याचा मोह होतो. पण गीतेच्या विचारामागे अविनाशी आत्म्याचे तत्त्व आहे, ते आगरकरांनी गृहीत धरलेले नाही. त्यामुळे हे साम्य वरवरचे ठरते.

८

१८९० च्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वादात दोघे उघडपणे परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. ऑगस्ट १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य आणि प्रसिद्ध कोशकार वामन शिवराम आपटे चौतिसाव्या वर्षी मरण पावले आणि प्राचार्यपद आगरकरांकडे आले. चिपळूणकरांच्या नंतर दहा वर्षांनी आणखी एक सहकारी अकाली गेला होता आणि त्याच्या जागी बसणारा माणूस स्वतः व्याधिग्रस्त होता. तरीही आगरकरांनी अखेरपर्यंत कॉलेज आणि सुधारक ही दोन्ही कामे सांभाळली.

आगरकरांच्या चरित्रात परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या दोन हकीकती येथे एकत्र ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, त्यांच्या मतांनी चिडलेल्या पुण्यातील सनातनी मंडळींनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. दुसरी हकीकत अशी की, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून लागतील तेवढे पैसे त्यांनी त्यात आधीच बांधून ठेवले होते. या दोन्ही कथा सामान्यतः स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. पहिली लोकांच्या असहिष्णुतेचे आणि दुसरी आगरकरांच्या निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून. एकत्र वाचल्या असता त्यांतून निराळा अर्थ निघतो. समाजाने केलेल्या पहिल्या अंत्यविधीत मृत्यू ही शिक्षा आणि धाक म्हणून वापरली गेली. आगरकरांनी स्वतः तयारी केलेल्या दुसऱ्या अंत्यविधीत मृत्यू हा घरखर्चातील एक बाब म्हणून येतो. ज्या गोष्टीचा लोकांनी धाक घालावा तिचाच त्यांनी शांतपणे हिशेब करून ठेवावा, यापलीकडे त्या धाकाला उत्तर कोणते असू शकते? त्यात पराक्रमाचा आव नाही. पत्नी यशोदाबाई आणि मुले यांची अडचण होऊ नये, एवढीच काळजी आहे.

१७ जून १८९५ रोजी पुण्यात आगरकरांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यास सत्तावीस दिवस उरले होते. टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. दोघांमधील मतभेदाची कटुता सर्वश्रुत होती. तरीही आपल्या मित्राची बुद्धिमत्ता, त्याचा स्वार्थत्याग आणि मराठी वृत्तपत्रलेखनावरील त्याचे ऋण टिळकांनी मान्य केले. तो लेख लिहिताना त्यांचे अश्रू आवरत नव्हते, असे सांगितले जाते. परलोकात भेट होण्याची भाषा मृत मित्राला मानवली नसती, हे टिळकांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

९

आगरकरांच्या मृत्यूनंतर सुधारक लगेच बंद पडला नाही. इतरांनी तो चालविला. धोंडो केशव कर्वे यांनी, जे फर्ग्युसन कॉलेजात आगरकरांचे सहकारी होते, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत विधवेच्या दुःखाचे जे चित्र उभे राहते, त्यामागील सामाजिक जाणीव सुधारकाने घडविलेल्या वातावरणातील आहे. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेल्या केशवसुतांच्या कवितेतील रूढिविरोधाचे नाते समीक्षकांनी आगरकरांच्या विचाराशी जोडलेले आहे. पुढे म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी संपादित केलेल्या 'आगरकर-वाङ्मय' या खंडांमुळे त्यांचे लेखन नव्या पिढीच्या हाती आले. ज्याने स्मरणाची अपेक्षा धरली नव्हती त्याचे स्मरण राहिले, हा इतिहासाचा भाग आहे; आगरकरांच्या भूमिकेचे समर्थन त्यावर अवलंबून नाही.

आगरकरांना हुतात्मा ठरविणे सोपे आहे आणि त्यात त्यांचा गौरवही होतो. परंतु हुतात्म्याच्या प्रतिमेत माणसाचा मृत्यू हे त्याच्या जीवनाचे मुख्य विधान होऊन बसते. आगरकरांच्या बाबतीत तसे घडू देणे त्यांच्या विचारावर अन्याय करणारे ठरेल. ते विचारासाठी मेले नाहीत. ते दम्याने गेले, आणि तत्पूर्वी जेवढा काळ मिळाला तेवढ्यात विचार करीत, शिकवीत आणि लिहीत राहिले. परलोकाच्या आधाराशिवाय मरण सोसता येते काय आणि उरलेला काळ अर्थपूर्ण करता येतो काय, या प्रश्नाला त्यांनी तात्त्विक निबंधातून स्वतंत्र उत्तर लिहून ठेवलेले नाही. सुधारकाच्या सहा वर्षे आठ महिन्यांच्या अंकांत, एका आठवड्यानंतर दुसऱ्या आठवड्याला त्यांनी जे काम केले, ते त्यांचे उत्तर आहे. अभ्यासकांनी त्यांच्या निबंधांचे कालक्रमाने पुन्हा वाचन केल्यास, श्वास अपुरा पडत असलेल्या माणसाने आपली वाक्ये पूर्ण केली होती, ही गोष्ट त्यांच्या गद्याच्या मूल्यमापनात यापुढे दुर्लक्षिता येणार नाही.